उष्टी हवा मोजायचा मीटर

मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमारास तालुक्याच्या गावातल्या कोणत्याही एसी अभ्यासिकेत जाऊन बघा. बाहेर ऊन ४५ डिग्री, आत गारेगार, पोलीस भरती, तलाठी, एमपीएससीवाले पोट्टे एका ओळीत बसलेले, काचा बंद, काचेच्या फटीला सेलोटेप मारलेला, आणि निम्म्यांच्या माना पुस्तकावर पडलेल्या. मालकाला विचारलं तर तो म्हणतो रात्रभर मोबाईल पाह्यतात मंग झोपा येतात. असेलही तसं. पण माझ्या भाच्यानं पुण्याहून सीओटूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा, मीटर आणला होता तो आम्ही अशाच एका अभ्यासिकेत टेबलावर ठेवला तर आकडा दोन हजारच्या वर जाऊन बसला आणि खाली यायचं नावच घेईना. मालकाचा पहिला प्रश्न, "हे किती होय मंग? मरतीन का पोट्टे?"

मरत नाहीत. पण तो आकडा काय सांगतो ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण बहुतेक लोक ऐकल्या ऐकल्या वेगळाच अर्थ काढतात.

आकडा पीपीएममधे असतो, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत सीओटूचे किती भाग. बाहेर शेतात, मोकळ्या हवेत आज साधारण ४२० ते ४३० पीपीएम असतो (कारखाने, कोळसा, पेट्रोल हे सगळं सुरू व्हायच्या आधी २८० होता, पण तो विषय वेगळा). आपण जो श्वास बाहेर सोडतो त्यात मात्र जवळपास ४०,००० पीपीएम, म्हणजे चार टक्के. बाहेरच्या हवेच्या शंभरपट. आता खोलीत चूल नाही, गॅस नाही, दिवा नाही, तर बाहेरच्या सव्वाचारशेच्या वर जेवढं काही दिसतंय ते सगळं कोणाच्या ना कोणाच्या फुफ्फुसातून आलेलं आहे, दुसरीकडून यायला जागाच नाही. म्हणजे हा मीटर खरं तर खोलीतली हवा किती उष्टी आहे ते मोजतो. हिशोबही सोपा आहे, खोलीतल्या आकड्यातून बाहेरचा आकडा वजा करायचा आणि ३८,००० नं भागायचं (सोडलेल्या श्वासात बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा सीओटू साधारण तेवढाच असतो). मीटरवर २००० असेल तर साधारण १६०० भागिले ३८,०००, म्हणजे चार टक्क्यांच्या वर. याचा अर्थ तुम्ही घेतलेल्या दर पंचवीस श्वासांतला एक श्वास दुसऱ्या कोणाच्या तरी पोटातून, म्हणजे छातीतून, आधीच जाऊन आलेला आहे. १२०० असेल तर पन्नासातला एक. आपण कोणाच्या ताटातलं उष्टं खात नाही, बाटलीला तोंड लावून पाणी प्यायलं तर आई ओरडते, आणि इथं चाळीस जण एकमेकांची हवा दिवसभर आलटून पालटून घेतात तर कोणाला काही वाटत नाही, कारण दिसत नाही.

ही कल्पना काही कोरोनानंतर आलेली नाही. म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर नावाच्या डॉक्टरनं १८५८ साली हे मांडलं होतं. त्याच्याकडे मीटर कुठला, आपण शाळेत चुन्याच्या निवळीत फुंकून ती दुधाळ करायचो तशाच पद्धतीनं तो बेरियमचं पाणी वापरून सीओटू मोजायचा. त्यानं सांगितलं की राहत्या खोलीत हजारात एक भाग, म्हणजे आजच्या भाषेत १००० पीपीएम, याच्या वर जाऊ देऊ नका. आणि त्याच वेळी हेही सांगितलं की सीओटू एवढ्यानं स्वतः काही विष होत नाही, तो फक्त खूण आहे, माणसांच्या अंगातून बाकी जे जे हवेत येतं ते किती साठलंय त्याची खूण. आजही नेटवर १००० चा आकडा दिसतो त्याची मुळं तिथं आहेत, आणि आजही लोक तोच घोटाळा करतात की १००१ झाला की धोका.

मंग खरा धोका कधी. कारखान्यात आठ तास काम करणाऱ्यांसाठी अमेरिकेत मर्यादा ५००० ची आहे, आणि ४०,००० ला जीवाला तात्काळ धोका मानतात. अभ्यासिका त्याच्या आसपासही जात नाही. आपल्याकडं सीओटूनं माणसं मरतात ती वेगळ्या जागी. जुन्या विहिरीत गाळ काढायला उतरलेला माणूस आणि त्याला काढायला गेलेला दुसरा, दोघंही जातात, ही बातमी दर उन्हाळ्यात कुठून ना कुठून येतेच. विहिरीत खाली मातीतून, सडक्या पालापाचोळ्यातून सीओटू साठतो, ऑक्सिजन कमी होतो, वारा तिथवर पोचत नाही. धान्याच्या पेवातही तेच, दाणे श्वास घेतात आणि बंद जागेत हवा बदलून टाकतात. जुने लोक आधी कंदील सोडून बघायचे, विझला तर उतरायचं नाही. कंदील जळत राहिला म्हणजे सगळं ठीक असंही नाही हां, डिझेल इंजिनचा धूर विहिरीत भरला असेल तर कंदील मजेत जळतो आणि माणूस पडतो. पण हा विहिरीचा अनुभव लोक खोलीला लावतात आणि म्हणतात सीओटू जड असतो, खाली बसतो, म्हणून खाली सतरंजीवर झोपू नका. खोलीत असं होत नाही. माणसांच्या अंगाची गरमी, पंखा, ये-जा यानं हवा ढवळत राहते, बाजेवर आणि सतरंजीवर आकडा जवळपास एकच येतो.

दुसरा गैरसमज ऑक्सिजनचा. "बंद खोलीत ऑक्सिजन संपला म्हणून गुदमरलं." संपत नाही हो. मीटरवर २५०० आला तरी ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून फार तर २०.७ पर्यंत येतो, म्हणजे एक टक्काभर घट. अमरावतीहून चिखलदऱ्याला गेलात की उंचीमुळं तुम्हाला प्रत्येक श्वासात आठ-नऊ टक्के कमी ऑक्सिजन मिळतो आणि तिथं लोक मस्त भुट्टा खात फिरतात, कोणी गुदमरत नाही. बंद खोलीत जे कोंदट वाटतं ते जास्तकरून गरमी, दमटपणा आणि वासामुळं.

झोप येते, डोकं जड होतं ते? याच्यावर वाद आहे. २०१२ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगात २२ लोकांना बसवून हवेत मुद्दाम शुद्ध सीओटू सोडला, ६००, १००० आणि २५००, तर २५०० ला निर्णय घ्यायच्या चाचणीत लोक बरेच मागे पडले. नंतर दुसऱ्यांनी तसेच प्रयोग केले तर काहींना तसा परिणाम दिसलाच नाही. त्यामुळं "सीओटूमुळं पोट्टे नापास होतात" असं मी म्हणणार नाही. कोंदट खोलीत अभ्यास होत नाही एवढं मात्र मीटर नसतानाही कळतं.

माझ्या मते खरी गोष्ट टीबीची आहे. टीबीचे जंतू खोकल्यातून, बोलण्यातून हवेत येतात आणि बंद खोलीत तासन् तास तरंगतात. कोणाला टीबी आहे ते चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं, बऱ्याचदा त्या माणसालाही महिना महिना माहीत नसतं, आणि मीटर जंतू दाखवत नाही. पण उष्टी हवा किती हे दाखवतो, आणि जंतू असलेच तर ते त्या उष्ट्या हवेतूनच येणार. तैवानमधे तैपेईच्या एका युनिव्हर्सिटीत टीबीची साथ आली होती, तिथल्या खोल्यांत सीओटू ३००० च्या वर जायचा. त्यांनी हवा खेळती करून तो ६०० च्या आसपास आणला, आणि पेशंटच्या संपर्कात आलेल्यांमधे नवीन टीबी ९७ टक्क्यांनी कमी झाला, हे २०२० साली छापून आलं. औषधं, तपासण्या तर चालूच होत्या, पण त्याचा हिशोब वेगळा काढूनही खेळत्या हवेचा वाटा एवढा मोठा निघाला. म्हणून गावात एकच मीटर असेल तर तो मी आधी दवाखान्याच्या त्या बाकड्यांच्या खोलीत ठेवीन जिथं खोकणारे आणि लेकुरवाळ्या बाया एकत्र तासभर बसतात, मग अभ्यासिकेत, आणि झेडपीच्या शाळेत शेवटी, कारण तिथल्या खिडक्यांना बऱ्याचदा धड झडपाच नसतात आणि पोरांना आपोआप चांगली हवा मिळते.

आता कूलरकडं येऊ, कारण मला जे सांगायचंय ते इथं आहे.

अभ्यासिका समजा १५ बाय ३० फूट, उंची ९ फूट. म्हणजे साधारण ११५ घनमीटर हवा. बसलेला मोठा माणूस तासाला अंदाजे १८ लिटर सीओटू सोडतो, चाळीस जण म्हणजे ७२० लिटर. खोली अगदी डबाबंद असती तर एका तासात आकडा सहा हजारांनी वाढला असता. तसं होत नाही कारण दार उघडतं, फटी असतात, म्हणून तो दोन-तीन हजारांवर अडतो. आता तो १००० वर ठेवायचा तर किती ताजी हवा लागेल, तर तासाला साधारण १२५० घनमीटर. मोठा वाटतो ना आकडा? खिडकीत बसवलेला आपला लोखंडी बॉडीचा कूलर, घास लावलेला, तो तासाला दोन-तीन हजार घनमीटर हवा बाहेरून आत फेकतो. एकच कूलर. त्याच्यानं चाळीस पोट्ट्यांचा आकडा ७००-८०० वर येऊन थांबतो. आणि स्प्लिट एसी बाहेरून किती हवा घेतो? शून्य. तो खोलीतलीच हवा आत ओढतो, गार करतो, परत सोडतो. बाहेरच्या युनिटला जोडलेल्या पायपातून हवा जाते असं लय लोकांना वाटतं, पण त्यातून फक्त गॅस फिरतो.

म्हणजे विदर्भानं पन्नासेक वर्षं उन्हाळा काढला तो कूलरवर, आणि कूलर गरिबाचा एसी म्हणून त्याला हिणवलं, पण हवेच्या हिशोबात तो एसीच्या कितीतरी पुढं होता. परिस्थिती सुधारली, एसी आला, आणि हवा उष्टी झाली.

मात्र कूलर लावायची एक रीत आहे आणि ती घरोघरी बायांना माहीत असते, समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवायचं, नाहीतर अंग चिपचिप होतं. आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट पाहिजे. सगळं बंद केलं तर कूलर फक्त पातं फिरवत बसतो, दमटपणाही साठतो आणि सीओटूही, कारण एकच. आणि तो प्लास्टिकचा चाकवाला कूलर खोलीच्या मधोमध ठेवला तर त्याच्यात आणि नुसत्या ओल्या पंख्यात हवेच्या दृष्टीनं काही फरक नाही.

अभ्यासिकेच्या मालकाला मी हे सांगितलं तर तो म्हणे, "खिडकी उघडली त एसीचं बिल कोन भरन? पोट्टे बोंबलतीन ते वेगळं." त्याचं खोटं नाही. १२५० घनमीटर ४५ डिग्रीची हवा आत घेऊन २७ ला आणायची म्हणजे जवळपास दोन टनाचा एक आख्खा एसी जास्तीचा लागेल. १००० च्या ऐवजी १५०० वर समाधान मानलं तर निम्म्या हवेत, म्हणजे टनभर एसीत भागतं. म्हणून त्याला माझं म्हणणं एवढंच होतं की सुक्या गर्मीत, म्हणजे एप्रिल-मे, कूलर लाव, एसी नको. दमट झालं की कूलर चालत नाही, पण तेव्हा बाहेर तीसच्या आसपासच असतं, खिडक्या उघड आणि एक १२ इंची एक्झॉस्ट लाव. त्यानं एक्झॉस्ट लावला. कूलर लावला नाही, कारण बाहेरच्या बोर्डावर "फुल्ली एसी" लिहिलंय.

मच्छरांचं काय, हा प्रश्न येतोच आणि बरोबर आहे, संध्याकाळी सहाला गावात सगळ्या खिडक्या बंद होतात त्या मच्छरांसाठीच. जाळी लावा. जाळीनं हवा थोडी कमी येते, धूळ बसली तर लय कमी येते, म्हणून ती ब्रशनं झाडत राहायची.

घराची गोष्टही अशीच उलटी झाली. जुनं मातीचं, कवेलूचं घर, कवेलूंच्या सांधीतून उजेडाच्या तिरपी यायच्या त्या वाटेनंच हवाही जायची, उंच आढ्यामुळं गरम हवा वर चढून निघून जायची. आता घरकुलाची १० बाय १२ ची स्लॅबची खोली, स्लायडिंग खिडकी, लोखंडी दाराला खालून पट्टी. हिवाळ्यात, गोंदियाकडं तर पारा आठ-नऊवर येतो, सगळं गच्च बंद करून नवरा-बायको, दोन लेकरं झोपली तर ढोबळमानानं तासाला हजार ते तेराशे पीपीएम चढायला लागतो. फटींमुळं पुढं वेग मंदावतो, तरी पहाटे तीन-चार हजार दिसणं काही नवल नाही. दाराला चार बोटं फट आणि समोर खिडकी थोडी सरकवलेली, एवढ्यानं चांगलाच फरक पडतो, थंडी थोडी वाजेल, गोधडी आहे ना. आणि खोलीत झाडं ठेवायचा सल्ला देणारे लय आहेत, एका माणसाचा सीओटू रिचवायचा तर शेकडो कुंड्या लागतील, त्याही भर उजेडात, रात्री झाडं स्वतःच सीओटू सोडतात.

मीटर घ्यायचा असेल तर एकच शब्द लक्षात ठेवा, एनडीआयआर. यात एका छोट्या नळीत एका बाजूला इन्फ्रारेड दिवा असतो, दुसऱ्या बाजूला तो प्रकाश मोजणारा. सीओटूला ४.२६ मायक्रॉनचा इन्फ्रारेड बरोबर ओळखून गिळायची सवय आहे, बाकीची हवा त्याला हात लावत नाही. जितका प्रकाश कमी पोचला तितका सीओटू जास्त. नवीन बारके मीटर तोच प्रकाश मारून गॅसच्या थरथरीचा आवाज माइकनं ऐकतात, तेही चांगले. पण हजार-दीड हजाराला मिळणारे बरेच मीटर सीओटू मोजतच नाहीत, ते हवेतल्या वासांवरून अंदाज बांधतात आणि स्क्रीनवर सीओटू लिहितात. ओळखायचं कसं, सॅनिटायझर लावलेला हात जवळ न्या. आकडा एकदम हजारांनी उडाला तर तो खोटा. देवापुढं अगरबत्ती लावली की असला मीटर बोंब मारतो आणि भजनाला पन्नास माणसं बसली तर कधी कधी आपला गप्पच. खरं म्हणजे भजनातच आकडा जास्त चढायला पाहिजे, खंजेरी वाजवत जोरात गाणारा माणूस गप्प बसणाऱ्यापेक्षा बरीच जास्त हवा सोडतो.

आणला की आधी बाहेर सावलीत, झाडापासून, माणसांपासून लांब वीसेक मिनिटं ठेवा, ४०० ते ४७० च्या मधे आला पाहिजे. चांगल्या मीटरमधेही पन्नास-शंभराचा फरक चालतो, शेवटच्या आकड्यावरून भांडू नका. बऱ्याच मीटरमधे आपोआप सुधारणा करायची सोय असते, आठवडाभरात दिसलेला सगळ्यात कमी आकडा म्हणजे बाहेरची हवा असं तो धरून चालतो. मग मीटर दिवसरात्र बंद खोलीतच पडला असेल तर तो ८०० लाच ४०० समजायला लागतो आणि तुम्हाला खोटा दिलासा देतो, म्हणून आठवड्यातून एकदा त्याला अंगणात न्यायचं. ठेवायचा बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, कोणाच्याही तोंडापासून दोन हात तरी लांब, खिडकीत नाही. स्वयंपाकघरात ठेवून आकड्याचा अर्थ लावू नका, चूल असो की गॅस, जाळातूनही सीओटू येतो.

एक गंमत करून बघण्यासारखी आहे. खोली भरलेली असताना आकडा बघा, समजा २०००. मग सगळ्यांना बाहेर काढा, खिडक्या जशा होत्या तशाच ठेवा, आणि घड्याळ लावा. १००० वर यायला जेवढा वेळ लागला तेवढ्या वेळात खोलीत एका खोलीभर ताजी हवा आली असं समजायचं. अर्धा तास लागला म्हणजे तासाला दोनदा हवा बदलते. दहा मिनिटांत आला तर तासाला सहादा, दवाखान्यासाठीही वाईट नाही. चार तास लागले तर तुमची खोली हवाबंद आहे. छताचा पंखा लावून हा आकडा बदलत नाही, पंखा आहे तीच हवा फिरवतो. एअर प्युरिफायरनंही बदलत नाही, पण तो जंतू आणि धूळ गाळतो, त्यामुळं प्युरिफायर चालू असेल तर मीटर जेवढं घाबरवतो तेवढी भीती नसते. जिनिंगच्या किंवा कोळशाच्या धुळीच्या गावात, चंद्रपूरकडं वगैरे, खिडकी उघडायची की बंद ठेवायची हा प्रश्न खरोखर अवघड आहे, तिथं प्युरिफायर कामाचा.

आणि एक गोष्ट या मीटरवर कधीच दिसणार नाही. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी घेऊन झोपलेले लोक मरतात ते कार्बन मोनॉक्साइडनं, सीओटूनं नाही. नावं सारखी वाटतात, पण त्या गॅसला वास नाही, रंग नाही, धाप लागत नाही, झोपेतच जातो माणूस, आणि सीओटूचा मीटर तो गॅस मोजतच नाही. त्याचा मीटर वेगळा मिळतो. शेगडी ओसरीत शेकायची, विझवून बाहेरच ठेवायची आणि मग आत झोपायचं.